फिजिक्स कधीच शिकलं नाही, तरी थेट एपी घ्यावं का?

फेब्रुवारी आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर एक विषय ठरलेला असतो. पुढच्या वर्षीचे कोर्स निवडून फॉर्म भरायचा असतो, मुदत महिन्याभरावर आलेली असते, आणि दहावीतली मुलगी म्हणते, "मला एपी फिजिक्स घ्यायचंय. पण मी फिजिक्स कधी शिकलेच नाहीये." (एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट: शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, आणि शेवटी कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा.)

आईबाबा चमकतात. कधीच शिकली नाहीस म्हणजे काय? दहावीपर्यंत शाळेत काय करत होतीस?

इथेच पहिली गफलत होते. आपण महाराष्ट्रात शिकलो तेव्हा भौतिकशास्त्र दरवर्षी विज्ञानाच्या पुस्तकातून थोडं थोडं पोटात जात होतं. आजही बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाचा पहिला धडा 'गतीचे नियम' आहे, दुसरा 'कार्य आणि ऊर्जा', आणि दहावीची सुरुवात 'गुरुत्वाकर्षणा'ने होते. अमेरिकेत विज्ञानाचं एकेक वर्ष एकेका विषयाला दिलेलं असतं. बहुतेक शाळांत नववीला बायॉलॉजी, दहावीला केमिस्ट्री आणि अकरावीला फिजिक्स. नोबेलविजेते लिऑन लेडरमन यांनी हा क्रम उलटा करावा, फिजिक्स आधी शिकवावं, म्हणून बरीच वर्षं खटपट केली. काही शाळांनी ऐकलं, बहुतेकांनी नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षापर्यंत फिजिक्सचं पुस्तक न उघडलेलं मूल इथे मागे पडलेलं नसतं. ते इथल्या रांगेत बरोबर आपल्या जागी उभं असतं.

मी शिक्षक नाही, इंजिनिअर आहे. पण गेली काही वर्षं शनिवारी सकाळी ओळखीपाळखीतली मुलं आमच्या बेसमेंटमध्ये फिजिक्सच्या अडचणी घेऊन येतात, आणि माझी स्वतःची मुलगी कोऱ्या पाटीने एपी फिजिक्स १ मध्ये गेली होती. या सगळ्यांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: फिजिक्स आधी शिकलेलं नाही म्हणून मुलं क्वचितच अडकतात. बीजगणित कच्चं असतं, आठवड्यात वेळच उरलेला नसतो, किंवा आपण नेमका कोणता कोर्स घेतोय हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. या तीन गोष्टी आधी तपासून बघता येतात, आणि त्यासाठी दोनतीन आठवडे पुरतात.

पायरी १: कोर्सचं नाव नीट वाचा

'एपी फिजिक्स' नावाचा एकच कोर्स आता नाही. चार आहेत, आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

एपी फिजिक्स १ मध्ये कॅल्क्युलस (कलन) लागत नाही. गती, बल, ऊर्जा, संवेग, फिरणाऱ्या वस्तू, दोलन आणि द्रव, असा त्याचा पट्टा. कॉलेज बोर्डाची अपेक्षा एवढीच, की जिऑमेट्री झालेली असावी आणि अल्जिब्रा २ (शाळेतला बीजगणिताचा दुसरा कोर्स) निदान सोबत चालू असावा. आधी फिजिक्स शिकलेलं असण्याची अट नाही. हा कोर्स पहिल्यांदा फिजिक्स शिकणाऱ्यांसाठीच आखलेला आहे, हे कित्येक पालकांना माहीतच नसतं.

एपी फिजिक्स २ त्याच्या पुढचा: उष्णता, वीज, चुंबकत्व, प्रकाश, अणू. तो १ नंतरच घ्यावा.

एपी फिजिक्स सी म्हणजे दोन वेगळे कोर्स आणि दोन वेगळ्या परीक्षा: मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम. यांत कॅल्क्युलस लागतं. ते झालेलं असावं किंवा त्याच वर्षी सोबत चालू असावं.

शिवाय शाळेचा साधा फिजिक्स आणि ऑनर्स, म्हणजे शाळेचाच जरा वरच्या पातळीचा, फिजिक्स असतो तो वेगळाच. ऑनर्समध्ये काय शिकवतात हे शाळेगणिक बदलतं. नावात एपी नाही म्हणून तो हलका, असं समजू नका.

मोठ्या चुलतभावाने दिलेला सल्ला ऐकताना त्याचं वर्ष विचारा. २०१४ पर्यंत 'फिजिक्स बी' नावाचा एकच जाडजूड कोर्स होता, त्याच्या जागी १ आणि २ आले. मधल्या काळात फिजिक्स १ मधून वीज आणि लहरी गेल्या, २०२४-२५ पासून द्रवांचा भाग आत आला आणि परीक्षेचा साचाही बदलला. म्हणजे २०१९ सालचं दुसऱ्या कुणाचं गाइडबुक फुकट मिळालं, तर त्यातली प्रकरणं आधी आजच्या यादीशी ताडून बघा.

परीक्षा आता अशी असते: ८० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न, मग १०० मिनिटांत ४ मोठे प्रश्न, दोन्हींना निम्मं निम्मं वजन. पर्याय स्क्रीनवर निवडायचे, मोठी उत्तरं कागदावर हाताने लिहायची. सूत्रांचा कागद मिळतो, कॅल्क्युलेटर चालतो. यावरून लक्षात यावं, की पाठांतराला इथे जवळजवळ काहीच किंमत नाही. आपल्या पिढीला हे पचायला जड जातं.

आता पालकांना घाबरवणाऱ्या निकालाच्या आकड्याबद्दल. फिजिक्स १ मध्ये ५ पैकी ३ किंवा अधिक मिळवणारी मुलं २०२४ पर्यंत बहुतेक वर्षी निम्म्याहूनही कमी असायची. नव्या साच्याच्या २०२५ च्या परीक्षेत हे प्रमाण वाढून दोन तृतीयांशाच्या आसपास गेलं. सी मेकॅनिक्समध्ये ते आधीपासूनच बरंच वरचं आहे. हे बघून एका बाबांनी मला विचारलं होतं, "म्हणजे सी सोपा आहे का हो?" नाही. सीच्या वाटेला मुळात गणितात तगडीच मुलं जातात. फिजिक्स १ ला सगळ्या प्रकारची मुलं बसतात, बरीचशी आयुष्यात पहिल्यांदा फिजिक्स शिकणारी. आकडा कोर्सचा जितका, तितकाच वर्गात कोण बसलंय त्याचाही असतो.

माझं मत: फिजिक्स कधीच न केलेल्या मुलासाठी एपी फिजिक्स १ चा विचार बेलाशक करावा. थेट सी घ्यायचा असेल, तर प्रीकॅल्क्युलसमध्ये मूल पाण्यातल्या माशासारखं असलं पाहिजे आणि कॅल्क्युलस निदान त्याच वर्षी असलं पाहिजे. 'ए' मिळतो एवढ्यावर भागत नाही. ते गणित करताना मूल दमत नाही ना, हे बघा.

पायरी २: रविवारची एक दुपार, चार प्रश्न

हार्वर्डच्या फिलिप सॅडलर आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रॉबर्ट ताई यांनी २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात कॉलेजच्या विज्ञान विषयांतल्या यशाचा एक अभ्यास छापला. शाळेत एक विज्ञान जास्त शिकल्याने कॉलेजात दुसऱ्या विज्ञानात विशेष फायदा झालेला त्यांना दिसला नाही, पण शाळेत गणित जास्त शिकलेल्यांना बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्स या तिन्हींत फायदा झालेला दिसला. माझ्या बेसमेंटमधला अनुभव हेच सांगतो. म्हणून आधी गणित बघा.

मुलाला हे चार प्रश्न द्या. फोन बाजूला, कागद-पेन्सिल समोर. उत्तर बरोबर येण्याइतकंच ते किती सहज येतंय हेही बघा.

पहिला: अंतर बरोबर अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. आकडे न घालता, नुसत्या अक्षरांत, वेळ एका बाजूला सुटी करून दाखव. उत्तर: दुप्पट अंतराला त्वरणाने भागून वर्गमूळ. आकडे नसले की कित्येक हुशार मुलं इथे थबकतात. "पण आकडे कुठे आहेत?" असा प्रश्न आला, तर उन्हाळ्यात काय करायचं ते तुम्हाला कळलं.

दुसरा: गाडी ताशी ३० मैलांवरून ब्रेक लावून एका ठरावीक अंतरात थांबते. तेवढेच ब्रेक लावले आणि वेग ६० असेल, तर अंतर किती पट? उत्तर चौपट. ९० असता तर नऊपट. कॅल्क्युलेटर काढला तरी हरकत नाही, पण 'वेगाच्या वर्गावर अवलंबून आहे' हे तोंडून निघायला हवं. एपी फिजिक्स १ मधले किती प्रश्न अशा 'किती पट' विचारावर उभे असतात हे मोजायला लागलात तर थकाल.

तिसरा: १० फूट लांबीचा रॅम्प जमिनीशी ३० अंशांचा कोन करतो. वरचं टोक जमिनीपासून किती उंच? ५ फूट. साइन-कोसाइन एवढंच लागतं, पण रोज लागतं.

चौथा माझा लाडका. दोन सायकलस्वारांचे वेळ आणि स्थान यांचे आलेख एकाच कागदावर काढा, दोन सरळ रेषा, एक उभट, एक आडवी-तिरकी, मध्ये कुठेतरी छेदणाऱ्या. विचारा: जिथे रेषा छेदतात तिथे दोघांचा वेग सारखा आहे का? बहुतेक मुलं हो म्हणतात. छेदनबिंदूवर दोघं एकाच जागी आहेत, वेग मात्र रेषेचा चढ सांगतो. हे चुकलं तर बिलकुल घाबरू नका, न शिकलेल्याचं चुकणारच. समजावून सांगितल्यावर चेहऱ्यावर 'अच्छा!' उमटतं का, तेवढं बघा.

पहिले तीन जमले तर गणिताची काळजी सोडा. दोन अडले तर अल्जिब्रा घासून घ्यावी लागेल, अजून वेळ आहे. तिन्ही अडले आणि अल्जिब्रा २ पुढच्या वर्षीच सुरू होणार असेल, तर मी साधा किंवा ऑनर्स फिजिक्स घ्यायला सांगेन आणि एपी बारावीला ठेवेन. त्यात कमीपणा नाही.

पायरी ३: दोन आठवडे चाखून बघा

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या लेखात माझ्या मते हीच पायरी सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात. शाळेतल्या काउन्सेलरला (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला) विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात, इंटरनेटवर विचारतात. मुलाला प्रत्यक्ष फिजिक्स करून बघायला कोणी सांगत नाही.

दोन आठवडे, शाळेच्या दिवसांत, रोज ४० मिनिटं. सुट्टीत नको. सुट्टीत सगळंच आवडतं. अभ्यास, बँड, रोबोटिक्स सगळं चालू असताना ४० मिनिटं निघतात का, ही या परीक्षेची निम्मी बाजू आहे.

पहिल्या आठवड्यात खान अकॅडमी या फुकट शिकवणाऱ्या वेबसाइटवरचा एपी फिजिक्स १ चा पहिला भाग, म्हणजे सरळ रेषेतली गती. सोबत कोलोराडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स: बल आणि गतीची. फुकट आहेत, मराठीतही बरीच उपलब्ध आहेत, त्यामुळे आजीसुद्धा शेजारी बसून गाडी ढकलू शकते. ही सिम्युलेशन्स सुरू केली कार्ल वायमन यांनी, फिजिक्सचं नोबेल मिळाल्यावर शिकवण्याकडे वळलेला माणूस.

आठवड्याच्या शेवटी एकच प्रश्न विचारा. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला, क्षणभर थांबतो तिथे, त्याचं त्वरण किती? मूल म्हणेल शून्य. जवळजवळ सगळे तेच म्हणतात. वेग शून्य आहे म्हणून त्वरणही शून्य, असं मनाला वाटतंच. मग म्हणा: दोन्ही शून्य असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता की. खाली यायला सुरुवात कशी करेल? त्वरण वर जाताना, टोकाला आणि खाली येताना एकच, सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद, खालच्या दिशेने.

अशा चुका नवशिक्यांच्याच होतात असं समजू नका. १९९२ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड हेस्टिनस आणि सहकाऱ्यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची चाचणी काढली. एकही गणित नाही, नुसते बलाबद्दलचे साधे प्रश्न. फिजिक्सचा आख्खा कोर्स केलेली मुलंही त्यात रोजच्या समजुतीप्रमाणेच उत्तरं देताना सापडली. हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली आणि निकाल बघून शिकवण्याची पद्धतच बदलली. तेव्हा शेजारच्या बाकावरच्याने ऑनर्स फिजिक्स केलंय म्हणून तो खूप पुढे आहे, असं नसतं. सूत्रांची तोंडओळख त्याला असेल. ट्रक आणि डास धडकले तर दोघांवर सारखंच बल लागतं, हे त्यालाही तितकंच खोटं वाटतं.

दुसऱ्या आठवड्यात घरात एक प्रयोग. दोरा, एक जड नट, फोनचं स्टॉपवॉच. दोऱ्याची लांबी टांगलेल्या बिंदूपासून नटच्या मध्यापर्यंत २५, ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर. प्रत्येक लांबीला हलकासा झोका देऊन १० आवर्तनांचा वेळ मोजायचा आणि १० ने भागायचा. साधारण १, १.४, १.७ आणि २ सेकंद येतील. लांबी आणि वेळ यांचा आलेख काढला तर वाकडी रेघ येते. आता वेळेचा वर्ग करून पुन्हा आलेख काढा: १, २, ३, ४. सरळ रेषा! तिचा चढ मीटरला सुमारे ४. पाय वर्गाच्या चौपटीला, म्हणजे ३९.५ ला, त्या चढाने भागलं की गुरुत्व त्वरण हातात येतं, ९.८ च्या आसपास. एका नटातून आणि दोऱ्यातून पृथ्वीचं ओढणं मोजलं.

हा प्रयोग मी मुद्दाम निवडला. वाकड्या आलेखाला सरळ करून चढातून काहीतरी शोधणं ही एपीच्या प्रयोगावरच्या मोठ्या प्रश्नातली नेहमीची चाल आहे. आणि या कोर्सचा किमान चौथा भाग वेळ प्रयोगांना द्यावा अशी कॉलेज बोर्डाची अट आहे. ज्याला मोजमापाचा कंटाळा, त्याला हा कोर्स कंटाळवाणाच होणार.

शेवटच्या दिवशी कॉलेज बोर्डाच्या साइटवरून जुना एखादा मोठा प्रश्न उतरवून घ्या, गती किंवा बलावरचा, आणि गुण कसे दिले तेही वाचा. सोडवता येणार नाही, यायलाही नको. पण उत्तर वाचून 'हं, हे वाजवी आहे' असं वाटतं का?

दोन आठवड्यांत मुलाचे किती प्रश्न बरोबर आले ते लिहून ठेवू नका. हे लिहा: चूक झाल्यावर त्याने काय केलं? "का पण?" असं विचारलं, की पुस्तक मिटलं? किती दिवस स्वतःहून बसलं, किती दिवस तुम्हाला हाक मारावी लागली? दहापैकी सात दिवस हाक मारावी लागली असेल, तर ते गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलकं आहे.

पायरी ४: आठवड्याचा हिशोब

बहुतेकांची अकरावी हेच खरं अडचणीचं वर्ष. ऑक्टोबरात पीएसएटी ही रंगीत तालीम, मग कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी, कॉलेजं बघायला जाणं, आणि त्यातच सगळे एपी एकदम. कागदावर एका नेहमीच्या आठवड्याचे तास मांडा. शाळेबाहेर एपी फिजिक्स १ ला मी आठवड्याला चार ते सहा तास धरतो. पहिल्यांदाच फिजिक्स करणाऱ्याला सुरुवातीला सहा.

आपल्याकडची एक खास भर: न्यू जर्सीत शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते, नेमकी गणपतीच्या तोंडावर, आणि ढोल-ताशा पथकाची मुलं तेव्हा शनिवार-रविवार सरावाला असतात. पथक सोडा असं मी सांगत नाही. पण पहिल्या तीन आठवड्यांत गतीचं आख्खं युनिट उरकलेलं असतं, आणि पुढचं सगळं त्यावर रचलेलं असतं. तेव्हा ते ऑगस्टातच थोडं पुढे करून ठेवा.

तीन-चार एपी एकदम असतील, तर फिजिक्स नवीन म्हणून तेच काढा असं मी म्हणणार नाही. कधी कधी वाचनाने भरलेला एखादा इतिहासाचा एपी जास्त वेळ खातो.

पायरी ५: शिक्षकांना तीन मिनिटं भेटा

मुलाने भेटायचं, पालकांनी नाही. पालकांची लांबलचक ईमेल गेली की उत्तर जपून येतं. मुलाने वर्गानंतर उभ्या उभ्या विचारायचं:

तुमच्या वर्गात पहिल्यांदाच फिजिक्स करणारी मुलं किती असतात, आणि ती साधारण कशी करतात? पहिली मोठी चाचणी कधी, आणि कोर्स बदलायची शेवटची तारीख तिच्या आधी आहे की नंतर? चाचणीतल्या चुका सुधारून थोडे गुण परत मिळतात का? आठवड्यात अडचणी विचारायला कधी येता येतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. पहिली चाचणी कोर्स बदलायच्या मुदतीनंतर असेल, तर तुम्हाला आंधळेपणाने ठरवावं लागेल. अशा शाळेत पायरी ३ अजिबात गाळू नका.

पायरी ६: कशासाठी घ्यायचं?

यावर पालक तासन्तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर कॉलेजात कॅल्क्युलसवरचा फिजिक्स करावाच लागतो, आणि फिजिक्स १ चं क्रेडिट, म्हणजे एपीच्या गुणांवर कॉलेजात मिळणारी सूट, तिथे सहसा उपयोगी पडत नाही. सी चं पडू शकतं. मग फिजिक्स १ चा उपयोग काय? कॉलेजातल्या पहिल्या सेमिस्टरला तोंड ओळखीचं असतं, हा. मेडिकलच्या वाटेवरच्यांना पुढे फिजिक्स आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) टळत नाहीत. आणि ज्याला इंग्रजी किंवा अर्थशास्त्र शिकायचंय, त्याने साधा फिजिक्स घेऊन आवडीच्या विषयात एपी घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, वाढवायला म्हणून घेतलेला एपी मला आजवर एकाही मुलाला आवडलेला दिसला नाही.

पायरी ७: ठरलं, तर उन्हाळा

सगळं पुस्तक आधीच संपवायच्या फंदात पडू नका. भारतातून मागवलेले जाडे ग्रंथ तर मुळीच नको. माझी चूक सांगतो. मुलीने कोर्स घेतला तेव्हा मी जुन्या उत्साहाने तिला सूत्रांची यादी करून दिली आणि गणितं सोडवायला बसवलं, अगदी आपण बारावीला बसायचो तसं. पहिल्या युनिट टेस्टला तिचे आकडे सगळे बरोबर. 'समीकरण न वापरता कारण लिहा' या भागात मात्र तिने एकाच ओळीत 'सूत्रावरून' असं लिहून ठेवलं होतं. तिथेच गुण गेले. "बाबा, तू मला उत्तर काढायला शिकवलंस," ती म्हणाली, "इथे का ते विचारतात." मी गप्प बसलो.

तेव्हापासून उन्हाळ्याची माझी कृती साधी आहे. जूनमध्ये अक्षरांची अल्जिब्रा आणि त्रिकोणमिती, दिवसाला २० मिनिटं. जुलैमध्ये सुट्टी, खरीखुरी. ऑगस्टात गतीचे आलेख आणि बलांची चित्रं: पायऱ्यांवरची बॅग, लिफ्टमधला माणूस, वळणावरची गाडी. प्रत्येक वस्तूवर कोणकोणती बलं आहेत ते बाणांनी काढायचं आणि प्रत्येक बाणाखाली 'हे बल कोण लावतंय' ते लिहायचं. ज्याचा 'कोण' सापडत नाही, तो बाण खोडायचा. चेंडू वर जाताना 'हाताचं बल' दाखवणारा बाण असाच खोडला जातो, कारण हात तर मागे राहिलाय.

संध्याकाळी मुलाला दोन वाक्यांत, सूत्राशिवाय, कारण सांगायला लावा. मराठीत सांगितलं तरी चालेल. पालकांना स्वतःला उजळणी हवी असेल, तर बालभारतीचं नववीचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं. पहिले दोन धडे एका संध्याकाळी होतात. संवेग, विस्थापन हे शब्द पुन्हा डोळ्यांसमोर आले की बरं वाटतं, आणि मुलाशी बोलताना नुसतं 'ते तसंच असतं' म्हणायची वेळ येत नाही.

पायरी ८: सप्टेंबर ते नोव्हेंबर

पहिल्या चाचणीत ६५-७० आले तर घाबरू नका. पहिल्यांदाच शिकणाऱ्यांचं असं होतंच, ऑक्टोबरात चढत जातात. बघायचं ते हे: पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीत चुका वेगवेगळ्या आहेत की त्याच त्याच? वेगवेगळ्या असतील तर मूल शिकतंय. गाडी बलांच्या चित्रांवरच पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर एक शनिवार फक्त त्यालाच द्या.

कोर्स सोडायची माझी खूण अशी: दोन चाचण्या झाल्या, शिक्षकांची मदत घेऊन झाली, आणि तरी गृहपाठ रोज रात्री दीड तासाच्या वर जातोय, बाकीच्या विषयांचे गुण खाली येतायत. मग मुदतीआधी साध्या किंवा ऑनर्स फिजिक्समध्ये जा. मुदतीनंतर बदललं तर काही शाळा ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) 'डब्ल्यू', म्हणजे 'कोर्स सोडला', असं लिहितात, काही आधीचा ग्रेड सोबत नेतात. हे काउन्सेलरकडून सप्टेंबरमध्येच लिहून घ्या आणि ती तारीख फ्रिजवर लावा.

मेमधल्या परीक्षेची नोंदणी शाळा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करून घेतात. कोर्स करायचा पण परीक्षा द्यायची नाही, असं बऱ्याच शाळांत चालतं, काहींत नाही. नोव्हेंबरात मन ठरत नसेल तर मी नोंदणी करून ठेवायला सांगतो. नंतर रद्द केली तर थोडे पैसे जातात, उशिरा केली तरीही जातात. फेब्रुवारीत फिरणाऱ्या वस्तूंचं युनिट संपलं, की पुन्हा एकदा बसा आणि मुलालाच विचारा. तोवर धाकट्याचा कोर्स निवडायचा फॉर्मही टेबलावर आलेला असतो.